माफी मागायला नव्हे

वादी कबीर, मस्कत
२ मार्च २०२५

प्रिय मेरीमावशी,

आपल्या वसईचा गॅव्हिन उद्या सुट्टीवर गावी येतोय. त्याच्या हाती हे पत्र, थोडे खजूर आणि तुझ्या शिवणासाठी पांढरी रिळं पाठवतोय. तुझे कान गेल्यापासून फोनचा उपयोग राहिला नाही आणि मोबाइलवर वाचायचा तुला कंटाळा, म्हणून आपण दोघं पुन्हा कागदावर आलो. मला ते आवडतं. वर्कशॉपमध्ये दिवसभर हिंदी, घरी अँजेला इंग्रजीत बोलते. मराठी लिहायला बसलो की वसईला तुझ्या ओट्यावर येऊन बसल्यासारखं वाटतं.

एक सांगायचं होतं. मे महिन्यात येतो म्हणालो होतो, ते जमेलसं दिसत नाही. उन्हाळा हा आम्हा एसीवाल्यांचा हंगाम, आणि इथल्या गाला भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये माणसं कमी आहेत. रजा मंजूर होत नाही. डिसेंबरमध्ये बघू. रागावू नकोस.

क्लेअर मजेत आहे. शाळेत तिला यंदा मोठे वर्ग दिलेत शिकवायला. मी हल्ली अँजेलाला चालत शाळेत सोडतो, तेवढाच व्यायाम. बाकी सर्व ठीक.

खाली अँजेलाने स्वतः लिहिलंय. मी चुका सुधारल्या नाहीत, वाचलंही नाही. तिने वाचू दिलं नाही.

तुझा,
रॉबिन

मावशीआजी, मी अँजेला. माझा मराठी छोटा आहे. डॅडी आता गाडी नाही चालवतो. आम्ही चालतो. रोड क्रॉस करताना तो माझा हात खूप टाइट पकडतो. मी सातवीत आहे तरी पण. तू कशी आहे? मी तुला खूप मिस करते.


वसई
१९ मार्च २०२५

रॉबिन बाळा,

खजूर मिळाले, रिळंही. गॅव्हिन जेमतेम टेकला आणि सगळा वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मला ऐकू येत नाही म्हणून लोक माझ्या तोंडाकडे बघून सावकाश बोलतात. जो खाली बघतो त्याला काहीतरी सांगायचं नसतं.

रविवारी मिस्साची प्रार्थना सुटल्यावर त्याची आई चर्चच्या आवारात पलीकडे उभी राहून एका बाईला काही सांगत होती. आवाज खाली नेलेला असणार. मला आवाजाशी काय करायचंय? मी ओठ वाचले. रॉबिनच्या गाडीखाली माणूस गेला. पासपोर्ट जमा आहे. त्याला देश सोडता येत नाही.

लहानपणीही काही लपवायचं असलं की शेवटी तू 'बाकी सर्व ठीक' म्हणायचास. तुझी आई गेली त्या वर्षी रोज शाळेतून येऊन मला तेच सांगायचास, आणि डबा भरलेला परत आणायचास. मी तेव्हा रागावले नाही, आताही नाही. अँजेलाला सांग, तिचं मराठी छोटं नाही. घरात खरं लिहिणारी तीच एक निघाली.

मला सगळं लिही, सुरुवातीपासून. माझ्यासाठी मऊ करून लिहू नकोस.

मी बरी आहे. मे महिन्यात तू यायलाच हवं असं काही नव्हतं, मी आपलं उगाच म्हटलं होतं.

मेरीमावशी


वादी कबीर
६ एप्रिल २०२५

मावशी,

तुझं पत्र वाचून बाथरूमचं दार लावून रडलो. क्लेअर बाहेर उभी होती, पण तिने दार वाजवलं नाही.

जानेवारीतली गोष्ट. सोहारला एका इमारतीचं काम बघून परत येत होतो. वाटेत सहम लागतं. तिथे मुस्तफाचं दुकान आहे. हा मुस्तफा आपला रत्नागिरीकडचा, पंखे आणि विजेचं सामान विकतो, माझी त्याची जुनी ओळख. त्याच्याकडे चहा घेतला. निघालो तेव्हा सूर्यास्ताची, मगरिबची अजान होत होती. गावातून जाणाऱ्या त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी खजुराच्या बागा आहेत. माझा वेग कमी होता, ते पोलिसांनीही लिहिलंय. बागेच्या भिंतीआडून एक म्हातारा माणूस एकदम रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण त्याला धडकून थांबली.

मी उतरून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. माझं अरबी म्हणजे यल्ला, खलास, कामापुरते शब्द. तो काय बोलला ते मला कळलं नाही. ॲम्ब्युलन्स येण्याआधी तो गेला. त्याचं नाव खमीस.

तेव्हापासून खटला चालू आहे. तारीख पडते, पुढे जाते. वकील म्हणतो, खमीसच्या घरच्यांनी लेखी माफी दिली तर प्रकरण बरंच हलकं होईल. त्याचा मुलगा हमद माफी देत नाही. त्याचं चुकतं असं मी म्हणू शकत नाही. पण मी सकाळी उठतो ते त्याचाच विचार करत. आज देईल का. उद्या देईल का.

आणि दिवसभर डोक्यात तेच. चहा घेतला नसता तर. मुस्तफाने दुसऱ्या कपाचा आग्रह केला नसता तर. मी सांगायला गेलो नाही तरी तोही तेच करतो. दुकानात आलेल्याला चहा विचारायचं त्याने बंद केलंय.

क्लेअर म्हणाली, देवाची इच्छा. मी तिच्यावर इतका ओरडलो की अँजेला खोलीतून बाहेर आली.

रॉबिन


वसई
२४ एप्रिल २०२५

रॉबिन बाळा,

ईस्टर झाला. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

पहिलं काम, क्लेअरची माफी माग. ते तुझ्या हातात आहे आणि त्याला कोर्टाची तारीख लागत नाही.

दुसरं सांगते ते शिवणाऱ्या बाईचं बोलणं समज. मी जन्मभर नवरीचे गाऊन शिवले. कापड माझ्या हातात, कात्री माझ्या हातात, टाका माझ्या हातात. नवरी लग्नापर्यंत जाड होईल, सासूला बाह्या आवडणार नाहीत, लग्नच मोडेल, यातलं काहीही माझ्या हातात नाही. तरी तरुण असताना मी सगळी काळजी त्याच गोष्टींची करायचे, आणि त्या नादात टाके वाकडे यायचे.

मग कान गेले. कॉयरमध्ये मी तीस वर्षं गायले ते तुला माहीत आहे. आधी मी खूप भांडले. देवाशी, डॉक्टरांशी, कानात घालायच्या त्या यंत्राशी. चर्चला जायचं बंद केलं, कारण सगळे गात असताना नुसतं उभं राहणं मला सहन होईना. एका रविवारी माझ्याच मनात आलं, कान गेले ते माझ्या मर्जीने गेले नाहीत, पण चर्चला न जाणं हे मीच करतेय. ते कुणी माझ्याकडून काढून घेतलेलं नाही. मी गेले. आता मी गाणाऱ्यांचे गळे बघते. कोण मनापासून गातं ते कळतं. पूर्वी गाताना कधी लक्षात आलं नव्हतं.

चहाच्या कपानंतर काय होणार ते तुझ्या हातात नव्हतं रे. तो म्हातारा कुठल्या क्षणी रस्त्यावर येईल, हे तर नव्हतंच. ब्रेक तुझा होता, तो तू दाबलास. खाली उतरून त्याचं डोकं मांडीवर घ्यायचं की पळायचं, हे तुझं होतं. तू उतरलास. आता राहिली हमदची माफी. ती हमदच्या घरातली वस्तू आहे. तू आपलं घर सोडून त्याच्या दारात बसून राहिला आहेस.

म्हणून उलट सांगते, त्या दारातून आत जा. माफी मागायला नव्हे. गेलेल्या माणसाच्या घरी माणसं भेटायला जातात, तसा जा. आधी वकिलाला विचार, मुस्तफाला बरोबर घे. काही भेट नेऊ नकोस आणि तिथलं काही दुरुस्त करून देऊ नकोस. तुझा तो स्वभाव आहे, पण तिथे ते लाच दिल्यासारखं दिसेल. नुसता बस. हाकललं तर परत ये. हाकलायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. जायचं की नाही ते तू.

मेरीमावशी


वादी कबीर
१८ मे २०२५

प्रिय मावशी,

क्लेअरची माफी मागितली. ती म्हणाली, वाटच बघत होते, आणि मग भाजी निवडायला मला शेजारी बसवलं.

वकील आधी नको म्हणाला. मग म्हणाला, खटल्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही आणि त्यांनी बोलावलं तरच जायचं. मुस्तफाने हमदला विचारलं. बरेच दिवस उत्तर नाही. मग निरोप आला, शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर या.

परवा बसने सहमला गेलो. हमद माझ्याच वयाचा आहे, सोहारच्या बंदरात काम करतो. बैठकीत आम्हाला बसवलं, खजूर ठेवले, कहवा ओतला. स्वतः घेतला नाही. खिडकीतला एसी खडखडत होता. मावशी, नुसत्या आवाजावरून मला कळलं की आतला पंखा एका बाजूला घासतोय, एक स्क्रू आवळायचं काम. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

मग हमद बोलला. मुस्तफा ते आपल्या भाषेत सांगत गेला.

"मी तुला माफ करू शकत नाही. तोंडाने म्हणू शकेन, पण ते खरं नसेल."

मी म्हटलं, "मी त्यासाठी आलो नाही. तुमचे वडील कोण होते हे मला माहीत नाही. तेवढं कळावं म्हणून आलो."

त्याने मुस्तफाकडे बघितलं. हा नीट सांगतोय ना, अशा नजरेने. मग सांगायला लागला. खमीस तरुणपणी लाकडी गलबतावर होता. मुंबईला अनेकदा आलेला. एकदा तिथून बायकोसाठी बांगड्या आणल्या आणि बंदरावर पोहोचेपर्यंत त्यातल्या निम्म्या फोडल्या, त्यावरून ती अजून चिडवायची. म्हातारपणी रोज संध्याकाळी नमाजाआधी रस्त्यापलीकडच्या बागेतलं पाणी बंद करायला जायचा. मुलगा म्हणायचा, मोटरला टायमर लावू. बाप म्हणायचा, मग मी संध्याकाळी काय करू?

हे सांगताना हमद थांबला. मला कळलं, तो टायमरच्या ठिकाणी अडकलाय, जसा मी चहाच्या कपापाशी.

मग त्याने विचारलं, "शेवटी ते काही बोलले का?"

क्षणभर वाटलं, काहीतरी चांगलं रचून सांगावं. बायकोचं नाव घेतलं म्हणावं, देवाचं घेतलं म्हणावं. पण मी म्हटलं, "बोलले. मला ती भाषा कळली नाही."

हमद उठून आत गेला तो परत आलाच नाही. थोडं थांबून आम्ही निघालो. मला वाटतं, सगळं बिघडलं.

रॉबिन


वादी कबीर
११ जून २०२५

मावशी,

तुझ्या शेजारच्या रशीदाचा मेसेज आला. तुझ्या हृदयाची झडप बदलली, तू आता घरी आहेस, काळजी नसावी, असं तिने लिहिलंय. तिला वाटलं, मला माहीत आहे.

म्हणजे मे महिन्यात मी यावं असं तू उगाच म्हटलं नव्हतंस. डॉक्टरांनी तारीख दिली होती आणि तू माझी वाट बघत थांबली होतीस. मी रजा नाही म्हणून लिहिलं, आणि तू 'मी बरी आहे' म्हणून लिहिलंस. मला 'बाकी सर्व ठीक'वरून बोललीस आणि स्वतः तेच केलंस.

मेसेज वाचून मी टॅक्सी करून एअरपोर्टला गेलो. कशासाठी ते विचारू नकोस. बाहेर उभा राहून विमानं बघितली आणि घरी आलो. काय माझ्या हातात आणि काय नाही, हे मला नीट समजलंय असं वाटत होतं. काही समजलेलं नाही. तुझ्याजवळ असणं माझ्या हातात हवं होतं.

रॉबिन


वसई
२ जुलै २०२५

रॉबिन बाळा,

अक्षर हलतंय, समजून घे. डॉक्टरांनी शिलाई मशिनला हात लावायला बंदी केलीय, पत्राला केलेली नाही.

तू रागावलास ते योग्यच. मला वाटलं होतं, तुझ्यासमोर आधीच एक दार बंद आहे, आणखी एक बंद दार कशाला दाखवायचं. आणि आला असतास तरी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावरच बसला असतास ना, असं मी स्वतःला सांगितलं. हे सगळं शहाणपणाचं वाटत होतं.

पण आत नेताना मला तुझी इतकी आठवण आली की मी रशीदाचा हात धरला आणि तो तुझा आहे असं समजून चालले. तिला ते कळलं असणार. तिने हात सोडवला नाही. तेव्हा बाळा, मी तुला पत्रात जे लिहिते ते मला प्रत्येक वेळी जमतं असं समजू नकोस. आपण दोघंही अजून शिकतोय. यापुढे लपवायचं नाही, मीही नाही.

हमदच्या घरचं काही बिघडलेलं नाही. बापाचं शेवटचं बोलणं तुझ्याकडे आहे, ही आशा त्याला होती. ती गेली. माणसाला आत जाऊन रडायला हवं की नको? तू खोटं रचलं असतंस तर त्याला त्या दिवशी बरं वाटलं असतं, आणि तुला पुन्हा त्या घरात पाऊल टाकता आलं नसतं.

त्याने बोलावलं तर जा.

मेरीमावशी


वादी कबीर
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय मावशी,

रशीदा लिहिते की तू आता चर्चपर्यंत चालतेस. हे वाचून घरात आम्ही केक आणला.

हमदने जुलैच्या शेवटी स्वतः फोन केला. खजूर उतरवायचे दिवस होते. ये म्हणाला, एवढंच. तेव्हापासून मी शुक्रवारी सहमला जातो, दर शुक्रवारी नाही, पण जातो. माफीचा विषय तो काढत नाही, मीही नाही. तो मला बाग दाखवतो. मी त्याला तुझ्याबद्दल सांगितलं, आई लहानपणी गेली ते सांगितलं. एकदा म्हणाला, संध्याकाळ झाली की त्याला अजून राग येतो, कधी माझा, कधी बापाचा. मी म्हटलं, येऊ दे.

परवाच्या शुक्रवारी निघताना खमीसची बायको आतल्या दाराशी आली. आजवर मी तिला पाहिलं नव्हतं. तिने मुस्तफाला काहीतरी विचारलं. मुस्तफा माझ्याकडे वळला. "विचारतेय, हा झोपतो का?"

मी म्हटलं, "नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग बोलली, आणि मुस्तफाने आधी डोळे पुसले, मग ते मला सांगितलं.

"म्हणते, त्याला सांग, झोप. खमीस झोपलाय. आम्हीही झोपतो. हा एकटा कुणासाठी जागा राहिलाय?"

परतीच्या बसमध्ये मला झोप लागली. मस्कत आल्यावर ड्रायव्हरने खांदा हलवून उठवलं.

रॉबिन


वादी कबीर
२३ ऑक्टोबर २०२५

प्रिय मावशी,

निकाल लागला. कसा लागला ते सांगण्याआधी एक गोष्ट सांगतो, ती मला निकालापेक्षा मोठी वाटते.

शेवटच्या तारखेआधी वकिलाने बोलावलं. म्हणाला, आता तुमचं त्या घरी जाणं-येणं आहे, हमदला माफीचं विचारू या, तो नाही म्हणणार नाही. क्लेअर शेजारी बसली होती. मला माहीत होतं की विचारलं तर बहुतेक मिळेल. आणि न विचारता शिक्षा झाली तर ती एकट्या मला होणार नाही, क्लेअरला आणि अँजेलालाही होईल. मी क्लेअरकडे बघितलं. घरी आल्यावर जिना चढताना ती म्हणाली, "नको विचारू. आता विचारलंस तर सगळे शुक्रवार त्यासाठीच होते असं होईल."

नाही विचारलं. कोर्टात जाताना भीती वाटत होती, ते लपवत नाही. पण आत कुठेतरी शांत होतं. न्यायाधीश काय म्हणतील ते त्यांचं होतं. मी कसा आत गेलो ते माझं होतं, आणि ते मला पसंत होतं.

निष्काळजीपणाचा ठपका थोडा माझ्यावर ठेवला. तुरुंगवास सांगितला, पण तो स्थगित, म्हणजे जावं लागणार नाही. लायसन्स काढून घेतलं. अपिलाची मुदत संपली की पासपोर्ट परत मिळेल. नाताळला आम्ही तिघं वसईला येतोय.

हमद मागच्या बाकावर होता. बाहेर आल्यावर जवळ आला. थोडं अरबी मला आता कळतं, मुस्तफाची गरज पडली नाही.

"आता तू जाशील," तो म्हणाला.

"मावशीला भेटून परत येईन."

"आलास की घरी ये. आई विचारेल."

घरी आल्यावर अँजेलाने विचारलं, "त्यांनी फर्गिव्ह केलं का?" मी म्हटलं, माहीत नाही. तिला वाटलं मी लपवतोय. पण मावशी, खरंच माहीत नाही, आणि ते माहीत नसणं आता मला जड होत नाही.

तुझा,
रॉबिन


वसई
३ नोव्हेंबर २०२५

रॉबिन बाळा,

पत्र मिळालं. क्लेअरला माझ्या वतीने जवळ घे. जिन्यात तिने जे सांगितलं, ते मी दहा पत्रांत तुला लिहू शकले नसते.

काल मृतांचा दिवस झाला. दरवर्षीप्रमाणे तुझ्या आईच्या कबरीवर फुलं ठेवली, मेणबत्ती लावली. मिस्सात वाचायला आपापल्या माणसांची नावं आधी द्यावी लागतात. मी तुझ्या आईचं दिलं, माझ्या आईबाबांचं दिलं आणि खाली खमीस लिहिलं. फादरांनी मला थांबवून विचारलं, हे कोण, आपल्या पॅरिशमधले दिसत नाहीत. मी म्हटलं, आमच्या घरातले आहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चिठ्ठी खिशात ठेवली.

नाव वाचतील की गाळतील, ते त्यांच्या हातात होतं. मी आपली बाकावर जाऊन बसले. वाचलेलं मला ऐकू आलं नाही. पण मध्येच पुढच्या बाकावरच्या सगळ्या बायका एकदम वळून एकमेकींकडे बघायला लागल्या, तेव्हा कळलं की वाचलं.

मेरीमावशी